परदेशात शेती करायला निघालात? आधी सातबारा जपा

नारायणगावची द्राक्षबाग विकून जॉर्जिया देशात जमीन घ्यायची, असं धाकट्या भावाच्या डोक्यात बसलं होतं. एजंटने फोटो दाखवले, भाव सांगितला. शेवटी आम्ही दोघं ओसरीवर वही घेऊन बसलो.

पहिलं बघा, तिथे जमीन आपल्या नावावर होते का? जॉर्जियाने २०१७ मध्ये परदेशी माणसाला शेतजमीन विकणं थांबवलं, पुढे ते राज्यघटनेतच घातलं. एजंट यावर अवाक्षर बोलला नव्हता.

इथली जमीन मात्र विकू नका. अनिवासी (एनआरआय) झालात की रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येईल तेवढीच. परत आलात तरी महाराष्ट्रात घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की गेलं. आईने जुना उतारा त्याच्या हातात ठेवला, तेव्हा कुठे त्याला पटलं.

परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. व्हिजिटर व्हिसावर कामाला जाऊ नका.

आणि जमलं तर रीतसर व्हिसावर एक हंगाम मजुरी करून या. न्यूझीलंडात गेलात तर ऋतू उलटे: आपण ऑक्टोबर छाटणी करतो, तेव्हा तिथे वेलीला नुकती पालवी फुटत असते.