खुडूक कोंबडीला उठवायची घाई नको

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी पहिलं पिल्लू डोकावलं की हात शिवशिवतात, पण कोंबडीला उठवू नका. पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस सहज काढतं. तेवढ्यात मागची अंडीही फुटतात. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या परसात पहिल्या खेपेला मी घाई केली. चोचीनं भोक पाडलेली दोन अंडी जानेवारीच्या थंडीत गार पडली.

पाणी कुंडीखालच्या बशीत, तेही खडे टाकून. पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. खाण्याचं मात्र बहुतेकांचं चुकतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार, पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. म्हणून आईलाही पिल्लांचंच खाद्य घाला. ती सध्या अंडी देत नाही, तिचं काही बिघडत नाही.

रात्री बॅटरी घेऊन एकदा बघा. एखादं पिल्लू बाहेर चिवचिवत असेल तर हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. ती टोचेल. टोचू द्या, चांगली आई आहे. दिवसा घारीची भीती असेल तर पहिला आठवडाभर सगळ्यांना डालग्याखालीच ठेवा.