ट्रॉपिकल कॅमेऱ्याला चिंच लावू नका: जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे कॅमेरे खाली येतात आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. "आजोबांचा आहे, पितळेचा आहे, चालू करता येईल का?" येईल, बहुतेक वेळा येतो. पण निम्म्या वेळा तो माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी उत्साहाच्या भरात त्याचं वाटोळं केलेलं असतं. त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आधी हे कॅमेरे काय आहेत ते समजून घ्या. लंडनच्या हौटन-बुचर कंपनीचा 'एन्साइन कार्बाइन' हा 1920 आणि 30च्या दशकांतला घडीचा रोल-फिल्म कॅमेरा. कारखाना वॉल्थॅमस्टोला होता. त्याचीच एक 'ट्रॉपिकल' आवृत्ती निघायची, भारत, मलाया, आफ्रिका अशा उष्ण मुलखांत नेण्यासाठी. साध्या कॅमेऱ्यावर कातडं सरसानं चिकटवलेलं असायचं. आपल्याकडच्या उकाड्यात आणि ओलीत सरस सुटतो, कातड्यावर बुरशी धरते, कसर आणि झुरळं खळ खातात. म्हणून ट्रॉपिकल कार्बाइनवर कातडंच नाही. पितळेची पेटी, तिला गडद तपकिरी ब्राँझ फिनिश आणि आत फिकट तपकिरी चामड्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली उघडमीट होणारी घड्यांची नळी. याच घराण्यातला सँडरसन कॅमेरा ट्रॉपिकल रूपात सागवानी असायचा, पितळी पट्ट्यांनी बांधलेला. तो रोलचा नव्हे, काचेच्या प्लेटचा कॅमेरा, त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता पहिली चूक, जी मला सगळ्यात जास्त छळते.

पितळ दिसलं की घासायला घेणं

दोन वर्षांपूर्वी देवरुखकडचा एक मुलगा पुण्यात माझ्याकडे आला. रुमालात गुंडाळलेला कॅमेरा त्यानं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, बघा कसा चकाचक केलाय!" रुमाल उघडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ट्रॉपिकल कार्बाइन, देवघरातल्या समईसारखा पिवळाजर्द. आजीनं सांगितलं होतं, पितळेला चिंच आणि मीठच लागतं. आजीचं समईपुरतं बरोबर होतं. पण कॅमेऱ्याचा तो तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. तो कारखान्यात रसायनानं मुद्दाम आणलेला रंग असतो आणि धातूच्या अगदी वरच्या थरात असतो. दहा मिनिटं घासलं की नव्वद वर्षं टिकलेलं फिनिश गेलं.

एवढ्यावर भागलं नाही. भिंगानं पाहिलं तर पुढच्या झाकणाच्या बिजागरीत चिंचेचा एक धागा अडकलेला होता. त्याच्या आजूबाजूला हिरवं कळकायला लागलं होतं. स्क्रूंच्या डोक्यांखाली तेच. लेन्सची चौकट ज्या रुळांवरून पुढे सरकते त्यांत मिठाची कचकच. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक स्क्रू पुसला, दोन संध्याकाळी गेल्या. कळकणं थांबलं. गेलेला रंग मात्र आला नाही. पुन्हा ब्राँझिंग करून देणारे असतात, पण मी ते करत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. कडेकोपऱ्यात जेवढी मूळ झाक उरली होती तेवढी जपली.

माझी सवय सांगतो. दाढीच्या मऊ, कोऱ्या ब्रशनं धूळ झाडायची. जुन्या धुवट सुती कापडानं कोरडं पुसायचं. वर्षातून दोनदा मायक्रोक्रिस्टलाइन मेण तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन बाहेरच्या पत्र्यावर फिरवायचं, रुळांवर नाही. बस. पॉलिशची कुठलीही बाटली कॅमेऱ्याच्या खोलीतच आणायची नाही.

भात्याला तेल पाजणं

चामडं सुकलंय, मग लाव खोबरेल. जोड्यांना लावतो तसं पॉलिश लाव. हे कोण शिकवतं मला माहीत नाही, पण हे बंद झालं पाहिजे. तेल चामड्यातून आतल्या कापडात उतरतं, थरांमधली खळ सोडवतं, धुळीला धरून ठेवतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं जेवण मिळतं. कॅमेरा बंद ठेवला की त्या तेलाचा धूसर थर हळूहळू लेन्सच्या मागच्या काचेवर चढतो. मग लोक म्हणतात, लेन्स आंधळी झाली.

भात्याचा खरा आजार वेगळाच असतो: घडीच्या कोपऱ्यांतली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. हे मी स्वतः पैसे आणि कष्ट घालवून शिकलो. माझा पहिला कार्बाइन घेऊन मी मालवणला गेलो, होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात. दोन रोल, म्हणजे 6 बाय 9 सेंटीमीटरच्या सोळा फ्रेम. तटबंदी, बुरूज, समुद्र, सगळं मनासारखं. रोल धुऊन आले तर अकरा फ्रेमच्या एकाच बाजूला धूसर ढग. दिवसभर भाता उघडा ठेवून, कॅमेरा गळ्यात घालून उन्हात हिंडलो होतो. उरलेल्या पाच फ्रेम सावलीत, उघडून लगेच काढलेल्या, त्या स्वच्छ. त्यावरूनच उलगडा झाला.

म्हणून कॅमेरा हातात आला की फिल्म घालायच्या आधी रात्री दिवे बंद करा. भाता पूर्ण ओढा, मागचं झाकण काढा, छोटी विजेरी आत घाला आणि बाहेरून प्रत्येक कोपरा बघा. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या. घाई करणाऱ्याला भोक दिसत नाही, ते नंतर फिल्मला दिसतं. भोक सापडलं तर मी काळा फॅब्रिक पेंट बारीक ब्रशनं आतल्या बाजूनं लावतो, दोन पातळ हात. ट्रॉपिकलचा भाता तपकिरी असतो, बाहेरून काळे ठिपके दिले तर त्याची शोभा जाते. नंतर भाता ताणलेला ठेवून पूर्ण एक दिवस वाळवायचा. ओला मिटलात तर घड्या एकमेकींना चिकटतील आणि उघडताना फाटतील. कोपरे अगदीच झिजले असतील तर रंगाच्या नादी लागू नका, नवा भाता करून घ्या. आणि कृपा करून इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक उन्हात वितळतो आणि जुन्या चामड्याची साल घेऊनच निघतो.

ढग नेमका कशामुळे आला हे ओळखायलाही शिका. पसरट, धूसर आणि कॅमेरा उघडा राहिलेल्या फ्रेमवर जास्त असेल तर संशय भात्यावर. फिल्मच्या दोन्ही कडांनी आत शिरलेला उजेड असेल तर रोल स्पूलवर, म्हणजे फिल्मच्या रिळावर, सैल गुंडाळला गेलाय, किंवा तुम्ही उन्हात उभं राहून फिल्म भरलीत. गोल डाग दर फ्रेमला त्याच जागी असेल तर दोष मागच्या बाजूच्या, फ्रेमचा आकडा दाखवणाऱ्या लाल खिडकीचा. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडाला दाद देत नसे, म्हणून ती खिडकी लाल ठेवली. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लालही बघते. मी खिडकीवर काळ्या कापडाची घडी रबरबँडनं बांधतो आणि आकडा बघायचा तेवढ्यापुरती, अंगाच्या सावलीत, बाजूला करतो.

शटरमध्ये काहीतरी ओतणं

एक सेकंदावर लावलेलं शटर दोन सेकंद घेतं म्हणून शिवणयंत्राचं तेल, लायटरचं पेट्रोल, गंज सोडवायचा स्प्रे. नको. आतलं वाळलेलं तेल विरघळून पातींवर पसरतं आणि पाती एकमेकींना धरून बसतात. मी प्रत्येक वेगावर तीस-चाळीस वेळा शटर नुसतं चालवतो. 1/25, 1/50 आणि 1/100 सेकंदाचे वेग बऱ्यापैकी सुटले की मी समाधानी. कडक उन्हात 100 आयएसओच्या फिल्मला एफ/16 आणि 1/100 पुरतं, आणि शटर थोडं मंद असलं तरी निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते. पूर्ण साफसफाई हवी असेल तर जाणत्या माणसाकडे द्या, व्हिडिओ बघत स्वतः खोलू नका.

वर गोल चकती असलेलं जुनं कॉम्पर जातीचं शटर असेल तर एक लक्षात ठेवा. छोटी चकती 'बी' किंवा 'टी' वर, म्हणजे शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवायच्या खुणांवर, असताना शटर चढवायचा खटका हलतच नाही. तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. जोर लावाल तर आतला भाग मोडेल आणि सुटा भाग मिळणार नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. लेन्सची चौकट पूर्ण मागे न सरकवता झाकण मिटवणं. लेन्स धरणारी पुढची पट्टी वर किंवा बाजूला सरकवली असेल तर तीही आधी मध्यावर आणा. झाकण अडलं तर दाबू नका, काय अडतंय ते बघा.

फिल्मचं माप न बघता कॅमेरा विकत घेणं. 120 आजही मिळते, 116 कधीच बंद झाली. 620ची फिल्म 120च्याच रुंदीची, पण स्पूल बारीक. जुन्या रिकाम्या स्पूलवर अंधारात फिल्म गुंडाळून घ्यायची तयारी असेल तरच घ्या.

'ट्रॉपिकल' म्हणजे ओलीत टाकला तरी चालतो, ही समजूत. पितळी अंग टिकेल, लेन्सची काच टिकणार नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे त्याची स्वतःची चामड्याची पेटी. ती ओल धरते आणि बुरशी पहिल्यांदा तिच्यातच धरते. माझे कॅमेरे जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असतात, आत छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहील एवढं बघतो. जेल तापवून पुन्हा वापरतो. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून भाता उघडतो, शटर चालवतो.

आणि ही एक, जी कोणी सांगत नाही. फ्रेम पुढे सरकवून मग कॅमेरा उघडलात तर भाता झटक्यात हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते. मग फोटोचा मधला भाग मऊ येतो आणि दोष लेन्सला दिला जातो. आधी सावकाश उघडा, मग फिल्म फिरवा, मग फोटो काढा. देवरुखच्या त्या मुलाला मी हेच करायला लावलं. त्याच्या पहिल्या रोलमधल्या आठपैकी सहा फ्रेम टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ आल्या. त्यातल्या एकीत आजी ओटीवर बसलेली आहे, शेजारी ती चिंचेनं घासलेली समई.