केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज कसं बघायचं

लंडनहून एका दिवसासाठी केंब्रिजला जाणारी आपली मंडळी किंग्ज कॉलेजचं चॅपल (प्रार्थनाघर), पंटिंग (काठीने ढकलायच्या चपट्या होडीतून सैर), फोटो की लगेच परतीची ट्रेन, एवढंच करतात. करा की, पण दीड-दोन तास निघत असतील तर ट्रिनिटी कॉलेजच्या शेजारचं सेंट जॉन्स बघून या. तिकीट आहे, आणि परीक्षांच्या दिवसांत कॉलेजं बाहेरच्यांना बंद असू शकतात, म्हणून आधी वेबसाइट बघायची. बघताना रस्त्याकडून नदीकडे चालत जायचं, कारण कॉलेज त्याच दिशेने वाढत गेलंय आणि एकेक चौक ओलांडला की काळ आपोआप पुढे सरकतो.

ग्रेट गेटमधून लगेच आत घुसू नका. समोरच्या फुटपाथवर थांबा आणि मान वर करून बघा. विटांचं गेट आहे, १५१६ मध्ये पूर्ण झालेलं. मधे राजचिन्ह आणि ते धरून दोन्ही बाजूंना दोन विचित्र प्राणी उभे. बकरीचं तोंड, हरणाचं अंग, हत्तीची शेपटी, आणि म्हणे शिंगं दोन दिशांना वेगवेगळी फिरवू शकतात. याला येल म्हणतात (अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीशी संबंध नाही). हे लेडी मार्गारेट बोफर्टचं चिन्ह. ही सातव्या हेन्रीची आई. ती १५०९ मध्ये गेली, कॉलेज सुरू झालं १५११ मध्ये, म्हणजे बाईंनी ते बघितलंच नाही, बिशप जॉन फिशरने पैशांसाठी भांडून-झगडून ते उभं केलं. आणि त्याच फिशरचं डोकं बाईंच्या नातवाने, म्हणजे आठव्या हेन्रीने, १५३५ मध्ये उडवलं. हे माहीत असलं की गेटवरची फुलंबिलं जरा वेगळीच दिसतात.

आत पहिल्या चौकात उजव्या हाताला काहीतरी विस्कटल्यासारखं वाटेल, ते बरोबरच आहे. तिकडची जुनी बाजू आणि जुनं चॅपल पाडून १८६० च्या दशकात गिल्बर्ट स्कॉट या आर्किटेक्टने नवं अवाढव्य चॅपल बांधलं. जुन्याच्या पायाची रेघ हिरवळीत अजून दिसते, ती शोधायची. पण काठावरूनच हं, हिरवळीवरून चालायचा मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींचा, तुम्ही पाय ठेवलात तर पोर्टर (कॉलेजचा दारावरचा माणूस) अत्यंत सभ्यपणे हाकलतो.

दुसरा चौक १५९८ ते १६०२ मधला, श्रूजबरीच्या काउंटेसच्या पैशातून झालेला, आणि माझ्या मते अख्ख्या कॉलेजात हाच सगळ्यात देखणा, संध्याकाळी विटा जांभळट दिसतात. तिसऱ्यात फार रेंगाळू नका. नदीवर आलात की सगळे ब्रिज ऑफ साइजवर (उसाशांचा पूल) गर्दी करतात, पण त्यावर उभं राहून तो पूल कसा दिसणार? शेजारच्या किचन ब्रिजवर जा आणि तिथून फोटो घ्या. पूल १८३१ चा. १९६३ मध्ये पोरांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी पंटवर लादून आणली आणि दोर बांधून याच पुलाखाली लटकवून ठेवली होती. पलीकडचं न्यू कोर्ट म्हणजे ज्याला पोरं लग्नाचा केक म्हणतात ते, बघाल तेव्हा कळेलच का.

आता आपल्या माणसाची गोष्ट, ही माहीत नसताना इथून जाऊ नये. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजात शिकले आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे केंब्रिजच्या पदवी परीक्षेत, सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिला नंबर, एका इंग्रज मुलासोबत विभागून. तिथवर पोचलेले ते पहिले भारतीय, नंतर पुण्याला फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. तेव्हा सेनेट हाउसमध्ये (विद्यापीठाची समारंभांची इमारत) नंबर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ऑनर्स मिळवणाऱ्यांत जो सगळ्यात शेवटचा असेल त्याच्यासमोर पोरं वरच्या गॅलरीतून एक भलामोठा लाकडी चमचा सोडायची. १९०९ नंतर नंबर लावणं बंद झालं आणि गंमत बघा, शेवटचा चमचा मिळाला तोही सेंट जॉन्सच्याच एका मुलाला, तो बोट क्लबवाला होता. सेनेट हाउस इथून चालत पाच मिनिटांवर आहे, येता-जाता बघून घ्या.

तिकीट जास्त वाटत असेल तर अजून एक रस्ता आहे. टर्म चालू असताना संध्याकाळी चॅपलमध्ये ईव्हनसाँग, म्हणजे गाण्यातली सायंप्रार्थना, असतं, ते फुकट, धर्म कोणी विचारत नाही, फक्त थोडं आधी जायचं, मोबाइल बंद ठेवायचा आणि सगळे उठले की उठायचं. इथला क्वायर, म्हणजे चॅपलमध्ये गाणारा चमू, जगात नावाजलेला आहे.

आणि मे महिन्यात जाणार असाल तर असेन्शन डेचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा) गुरुवार, म्हणजे ईस्टर धरून चाळिसावा दिवस, कधी येतो ते कॅलेंडरमध्ये बघा. त्या दिवशी दुपारी बारा वाजता क्वायर चॅपलच्या १६३ फुटी टॉवरवर चढून गातो. सांगतात असं की १९०२ मध्ये लार्मर नावाचे फिजिक्सवाले फेलो म्हणाले, एवढ्या उंचावरून गायलेलं खाली काय ऐकू येणार, तर ऑर्गनवाल्या रूथमने कुणाला न सांगता-सवरता क्वायरच्या पोरांना वर चढवलं आणि खाली खिडक्या उघडून लोक बघायला लागले. पैज रूथमने जिंकली. ऐकायला पावणेबारापर्यंत पोचा, कार्यक्रम लगेच आटपतो.