वाइडबँड अडॅप्टिव्ह ॲरे: फेजच्या भरवशावर राहू नका

नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला अडॅप्टिव्ह ॲरेचा (अनेक अँटेनांचे सिग्नल जुळवून हवी ती दिशा ऐकणाऱ्या आणि नको ती दाबणाऱ्या रचनेचा) प्रोजेक्ट घेतला की एका फ्रिक्वेन्सीवर बीम, म्हणजे ऐकण्याची दिशा, झकास दिसतो. बँड रुंद केला की बिनसतं, आणि मुलं आधी अल्गोरिदम बदलतात. दोष बहुतेकदा तिथे नसतोच.

सिग्नल प्रत्येक अँटेनापर्यंत थोडा मागेपुढे पोचतो; तो विलंब भरून काढायचं काम फेज शिफ्टरवर (लहरीचा फेज ठरावीक अंशांनी सरकवणाऱ्या भागावर) सोपवणं, ही मूळ चूक. १ ते २ गिगाहर्ट्झचा बँड घ्या. फेज १.५ गिगाहर्ट्झला बसवून बीम ३० अंशांवर वळवला, तर २ गिगाहर्ट्झला तो २२ अंशांवर येतो आणि १ गिगाहर्ट्झला पार ४८.६ वर जातो. बीम रुंद असल्यामुळे थोडी चूक खपते. नल (जिथलं काहीच ऐकू येऊ नये ती दिशा) मात्र जागचा हलला की जॅमर, म्हणजे अडथळा आणणारा सिग्नल, सरळ आत. म्हणून प्रत्येक अँटेनामागे टॅप्ड डिले लाइन (सिग्नल टप्प्याटप्प्याने उशिरा करून प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे टॅपवर, वेगळं वजन देणारी साखळी) लावा (फ्रॉस्टचा १९७२ चा अल्गोरिदम याच रचनेसाठी आहे), किंवा एफएफटीने (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये फोडणाऱ्या गणिताने) बँडचे अरुंद तुकडे, म्हणजे सबबँड, पाडून प्रत्येकाला वेगळी वेट्स (वजनं) द्या.

अँटेनांमधलं अंतर मधल्या फ्रिक्वेन्सीवरून काढू नका. १० सेंमी ठेवलंत तर २ गिगाहर्ट्झला बीम ३० अंशांपर्यंत नेताच ग्रेटिंग लोब (भलत्याच दिशेला उमटणारा दुसरा तेवढाच मोठा बीम) डोकावतो. ७.५ सेंमी, म्हणजे २ गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी, घ्या.

सिग्नल जोरात केला आणि आउटपुट उलट बिघडलं? मग ॲरे तुमचाच सिग्नल जॅमर समजून मारतोय. एमव्हीडीआरमध्ये (हव्या दिशेचा सिग्नल जपून बाकी सगळं कमीत कमी करणाऱ्या अल्गोरिदममध्ये) हे हमखास होतं, आणि कारण बरेचदा केबल असते. साध्या कोॲक्स केबलच्या लांबीत ५ सेंमीचा फरक म्हणजे सुमारे ०.२५ नॅनोसेकंद: १ गिगाहर्ट्झला ९० अंश, २ ला १८०. एकाच फेजची दुरुस्ती इथे कशी पुरेल? कॅलिब्रेशन पूर्ण बँडभर करा, वर थोडं डायगोनल लोडिंग (कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सच्या कर्णावर छोटी भर) द्या.

सबबँडवाल्यांसाठी एक खोच आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून येणारा प्रतिध्वनी पूर्ण बँडमध्ये बऱ्यापैकी वेगळा राहतो, पण १० मेगाहर्ट्झच्या सबबँडमध्ये तोच मूळ सिग्नलशी सुसंबद्ध होतो आणि त्याला खाऊन टाकतो. पांडवलेणीच्या डोंगरावरून येणारा, शेकडो मीटर जास्त फिरून आलेला, तेवढा त्रास देत नाही. टाकीपासून लांब बसा.

टॅप वाढवायचा मोहही आवरा. ८ अँटेना, १० टॅप म्हणजे ८० वेट्स. नुसत्या जॅमर आणि नॉइजच्या डेटावर १६० सॅम्पल घेतले तरी सरासरी सुमारे ३ डेसिबल जातातच. डेटात तुमचा सिग्नलही मिसळला असेल, तर बरेच जास्त लागतात.

आणि चाचणीसाठी या बँडमध्ये परवान्याशिवाय काहीही प्रसारित करू नका. जीपीएसची १५७५.४२ मेगाहर्ट्झ यातच येते.