ओपन सोर्स डेटाबेसचा ड्रायव्हर सांभाळायला घेताय? मग आधी हे वाचा

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेबाचा प्रोग्राम आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या ड्रायव्हरवर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यात निरोप पोचवणाऱ्या कोडवर, चालायचा, आणि एक दिवस एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याच्याच पोत्यांचं वजन छापून आलं. त्या माणसानं तिथल्या तिथं पकडलं म्हणून बरं. सगळ्यांनी पहिलं बोट डेटाबेसकडं दाखवलं, पण टेबलात आकडे बरोबर होते, चूक ड्रायव्हरमध्ये होती आणि तो कोड मी लिहिलेला होता.

झालं असं की एक क्वेरी टाईमआऊट झाली, ड्रायव्हरनं प्रोग्रामला एरर दिली आणि कनेक्शन लगेच पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत टाकलं. सर्व्हरचं उत्तर मात्र वाटेत होतं, ते उशिरा आलं, तोवर त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी गेलेली, तिनं पहिलीचं उत्तर आपलं समजून उचललं. म्हणून पहिलं काम हे करा, सर्व्हरकडून रेडी फॉर क्वेरी हा मेसेज, म्हणजे 'झेड' अक्षराचा, आल्याशिवाय कनेक्शन पूलमध्ये जाऊच द्यायचं नाही. त्यात एक स्टेटसचं अक्षर असतंय तेही बघा. 'आय' असेल तर मोकळं, 'टी' असेल तर ट्रान्झॅक्शन उघडं आहे, 'ई' असेल तर ट्रान्झॅक्शन फेल होऊन तसंच पडलंय, मग आधी रोलबॅक करून ते मागं फिरवा. आणि टाईमआऊट झालेलं कनेक्शन, त्याचं उत्तर शेवटपर्यंत वाचून संपवता येत नसेल तर सरळ बंद करा, नवीन उघडायला काही मिलिसेकंद जातात, चुकीची पट्टी फाडण्यापेक्षा ते कधीही परवडलं.

आता मुळाशी जाऊ. पोस्टग्रेसचा प्रोटोकॉल, म्हणजे ड्रायव्हर आणि सर्व्हरनं कसं बोलायचं याचे नियम, त्याचं ३.० व्हर्जन २००३ साली पोस्टग्रेस ७.४ मध्ये आलं आणि ते आजही चालतंय. प्रत्येक मेसेजला आधी एक बाईट प्रकाराचा, मग चार बाईट लांबीचे, आणि त्या लांबीत ते चार बाईट स्वतः धरलेले असतात पण प्रकाराचा बाईट धरलेला नसतो. अगदी पहिल्या स्टार्टअप मेसेजला प्रकाराचा बाईटच नसतो. नवीन येणारा प्रत्येक जण इथं एकदा अडखळतोच. दुसरं म्हणजे टीसीपी हा पाण्याच्या पाटासारखा आहे, एका रीडमध्ये अर्धा मेसेज येईल, अडीच येतील, काहीही. बफरमध्ये साठवायचं, लांबी पुरी झाली की मगच उघडायचं.

आपल्यासाठी यातली सगळ्यात उपयोगी टेस्ट फुकट मिळते, आपल्या गावाचं नाव. 'सांगली' यात युनिकोडचे ६ कोडपॉइंट आहेत पण यूटीएफ-८ मध्ये १८ बाईट होतात. कुणी लांबी अक्षरं मोजून लिहिली असेल तर इंग्रजी मजकुरावर सगळं सुरळीत चालतंय आणि पहिलं मराठी नाव आलं की कनेक्शन तुटतंय. म्हणून टेस्टमध्ये देवनागरी नावं घालाच, आणि सर्व्हरचं उत्तर मुद्दाम एकेक बाईट तोडून ड्रायव्हरला भरवा, म्हणजे अक्षराच्या मधोमध तुकडा पडला तरी नाव शाबूत राहतंय का कळेल.

न मागता येणारे मेसेज पण असतात. नोटीस, पॅरामीटर स्टेटस, नोटिफिकेशन हे तीन कधीही मध्येच येऊ शकतात, तेव्हा 'आता फक्त डेटाची ओळच येणार' असं धरून कोड लिहू नका. नोटीस आणि एररमधला फरक आमच्याकडं सांगलीत कृष्णेच्या पुराची पातळी मोजतात त्या आयर्विन पुलावरून सांगतो, ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. नोटीसवर क्वेरी थांबवायची नाही पण ती गिळायची पण नाही, वापरणाऱ्यापर्यंत पोचवायची. आणि पार्स, बाईंड, एक्झिक्यूट (क्वेरी तयार करा, किमती भरा, चालवा) या मेसेजच्या रांगेत एरर आली की सर्व्हर ड्रायव्हरकडून सिंक हा मेसेज येईपर्यंतचे पुढचे सगळे मेसेज टाकून देतो, त्यांच्या उत्तराची वाट बघत बसलात तर प्रोग्राम लटकला.

लॉगिनचा भाग जरा जास्त जपा. पासवर्ड तपासायची स्क्रॅम-शा-२५६ ही पद्धत, हे पोस्टग्रेसच्या १० व्हर्जनमध्ये २०१७ ला आलं आणि १४ पासून तेच डीफॉल्ट झालं, मधल्या चार वर्षांत ज्या ड्रायव्हरवाल्यांनी त्यावर काम केलं नाही त्यांच्या वापरणाऱ्यांना १४ वर गेल्यावर लॉगिनच होईना. मायएसक्यूएल ८.० ला पण डीफॉल्ट पासवर्ड पद्धत बदलल्यावर जुन्या ड्रायव्हरांचं हेच झालं. टीएलएसचं, म्हणजे कनेक्शन गुप्त करण्याचं, पण तसंच, सर्व्हरनं 'एस' म्हणजे 'चालेल' म्हटल्यावर हँडशेकच्या आधी बफरमध्ये एक जरी जादा बाईट असला तरी कनेक्शन तोडा, मध्ये बसलेला कुणीतरी तो घुसवू शकतो. २०२१ ला ही भेग खुद्द लिबपीक्यूमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या क्लायंट लायब्ररीत, सापडून बुजवली गेली.

पोस्टग्रेसच्या व्हर्जन १८ मध्ये प्रोटोकॉल ३.२ पण आला. क्वेरी कॅन्सल करायची किल्ली आधी चार बाईटची असायची, आता २५६ पर्यंत जाऊ शकते. लांबी मेसेजमधूनच काढायची, कोडमध्ये चार असं ठोकून ठेवलं असेल तर आजच काढा. जुना सर्व्हर ३.२ ओळखत नसेल तर तो 'मला एवढंच जमतंय' असा वाटाघाटीचा मेसेज पाठवतो, तो वाचता आला पाहिजे.

डेटा टाईपबद्दल माझं मत ठाम आहे. न्यूमेरिकला (अचूक दशांश आकड्याला) फ्लोट (अंदाजे दशांश) करू नका, दर आणि रक्कम त्यातच असते आणि पैशाचा फरक शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातो. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, पण साध्या नंबरात बसत नाही, स्ट्रिंग म्हणून द्या. बायनरीत टाईमस्टॅम्प घेत असाल तर मोजणी १ जानेवारी २००० पासून मायक्रोसेकंदात होते, युनिक्सच्या १९७० पासून नाही. आणि एका बाईंडमध्ये ६५५३५ च्या वर पॅरामीटर बसत नाहीत, हजारो ओळी घालणाऱ्याला कॉपी ही एकदम डेटा भरायची कमांड वापरायला सांगा.

टेस्ट किती सर्व्हरवर चालवायच्या? प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं सपोर्ट असतो, तेव्हा चालू असलेली सगळी डॉकरमध्ये, शिवाय पुढचा बीटा, शिवाय मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शनांचा पूल सांभाळणारा वेगळा प्रोग्राम, पूलर) लावून एकदा. बीटात मोडलेलं सापडलं तर वेळ असतो, रिलीजनंतर सापडलं तर लोक तुमच्या दारात उभे असतात.

ड्रायव्हरचा नंबर सर्व्हरच्या नंबराशी बांधू नका. जावाचा ड्रायव्हर ९.४ च्या मालिकेतून २०१७ ला एकदम ४२ वर गेला तो हाच गोंधळ मिटवायला. वागणं बदलायचं असेल तर आधीच्या रिलीजमध्ये सूचना द्या, चेंजलॉगमध्ये जुनं-नवं दोन्ही कोड दाखवा.

कुणी 'लटकतंय' एवढंच लिहून पाठवलं तर चिडू नका. सर्व्हर कुठलं, मध्ये पूलर आहे का, छोटी पुन्हा घडणारी क्वेरी, आणि जमलं तर वायरशार्कची, म्हणजे नेटवर्कवरचे मेसेज टिपणाऱ्या प्रोग्रामची, नोंद मागा, पण टेस्ट डेटावरची, कुणाच्या गिऱ्हाइकांची नावं त्यात यायला नकोत. आमच्या त्या दुकानातल्या पोरानं अशीच नोंद काढून दिली, त्यात उशिरा आलेलं उत्तर स्पष्ट दिसलं, आणि ती टेस्ट आज रोज रात्री पाचही व्हर्जनवर चालते.