जुनी कोच बॅग विकायची असेल तर

न्यू जर्सीत लोक घर रिकामं करताना सामान विकायला काढतात, तिथून मी जुन्या चामडी बॅगा घेते आणि विकते. त्यांत कोच या कंपनीची बॅग माझी सर्वांत लाडकी.

बॅग हातात आली की आतला छापील मजकुराचा चामड्याचा तुकडा शोधा. त्यावर क्रमांक नसला तर लगेच ‘नकली’ म्हणू नका. ही न्यूयॉर्कची कंपनी १९४१ची, आणि सुरुवातीच्या बॅगांवर क्रमांक नसेच. साधारण १९९४पासूनचा क्रमांक मात्र बोलका असतो: पहिलं अक्षर महिन्याचं, मग वर्षाचा आकडा, मग कारखान्याचं अक्षर आणि रेघेपुढे मॉडेल. ९९२७ दिसलं तर ती ‘विलिस’.

पण क्रमांक नकली बॅगेवरही छापता येतो, म्हणून कातडं बोटांनी तपासाच. जुन्या कोचचं गाईचं कातडं जाड तरी मऊ, आत बहुधा अस्तर नाही, कातड्याचीच खरखरीत बाजू लागते. फिरवून बंद करायची कडी (कोचची डिझायनर बॉनी कॅशिन हिने ती १९६०च्या दशकात आणली) भरीव पितळेची असेल तर लोहचुंबक चिकटत नाही.

वर्णनात रुंदी, उंची, खोली, पट्ट्याची लांबी टेपने मोजून लिहा. कोपरे घासलेत, शाईचा डाग आहे, कपाटाचा कुबट वास येतो, सगळं सांगा. ‘वयाच्या मानाने छान’ एवढ्याने घेणाऱ्याला काहीच कळत नाही. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढा. त्यानंतर तेल-पॉलिश लावू नका. रंग गडद होतो आणि फोटोतली बॅग वेगळी, हातातली वेगळी दिसते.