पीडीएमएस चिपमधला बुडबुडा: माझा अनुभव

सांगलीतला एप्रिल, त्यात लॅबचा एसी बंद. पीडीएमएस म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबर; त्याच्या चिपमधल्या १०० मायक्रॉनच्या (०.१ मिमी) चॅनलमध्ये, म्हणजे बारीक नळीत, बफर (पेशी ज्यात असतात ते द्रावण) सोडला की वळणावर हमखास बुडबुडा अडकायचा, पेशी मागे तुंबायच्या. पंपाचा जोर वाढवला तर इनलेटपाशी (द्रव आत जायच्या छिद्रापाशी) गळती! फ्रिजमधला गार बफर तापला की त्यात विरघळलेली हवा सुटते, हे मुख्य कारण. आता बफर आधी खोलीच्या तापमानाला आणून व्हॅक्यूमखाली ठेवतो. चिपही तासभर डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात). बाहेर काढली की आउटलेटला (बाहेर पडायच्या छिद्राला) टेप लावायची आणि लगेच इनलेटवर थेंब ठेवायचा. पीडीएमएसमधली हवा गेलेली असते, त्यामुळे ते चॅनलमधली हवा शोषून घेतं आणि थेंब आपोआप आत सरकतो. बघायला मजा येते राव! मात्र काही मिनिटांतच उरकावं लागतं. आधी इथेनॉल फिरवूनही काम होतं, पण पेशींसाठी ते नीट धुवायचं म्हणजे कटकटच.